सुभेदारकाकांचा काटा

माणसाकडे नुसतं पाहून त्याचं वजन सांगणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि यमुनेच्या दोन्ही काठांवर मिळून तसा दुसरा झाला नसेल अशी माझी खात्री आहे. बरं, हे सांगणं अंदाजपंचे नव्हे, पाव किलोपर्यंत. मयूर विहारमधल्या आमच्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर राहणारे सुभेदारकाका सकाळी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसत आणि समोरून जाणाऱ्यांची वजनं स्वतःशी पुटपुटत. नव्या भाडेकरूंना वाटे, म्हातारा जप करतो आहे. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, वजनं राहत. "तो एकोणऐंशी किलोवाला वायरमन परत आलाच नाही का गं?" असं ते काकूंना विचारत आणि काकूंना बरोबर कळे, कोणता ते. लग्नाला जाऊन आले की जेवण कसं होतं, नवरी कशी होती, यातलं काही सांगत नसत. टोपी खुंटीला लावत म्हणत, "दोघं मिळून एकशे अठरा. संसार होईल."

काका मूळचे सातारा जिल्ह्यातले. फौजेच्या रसद खात्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती, आणि ती सगळी तोलण्यात. पीठ, डाळ, बटाटे, साखर, केरोसीन. बर्फातल्या चौक्यांपासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत जिथे जिथे जवान जेवला, तिथे काकांनी आधी तराजू धरला. निवृत्त झाल्यावर लोक सोफा घेतात. काकांनी लष्करी भंगाराच्या लिलावातून एक प्लॅटफॉर्म काटा आणला. लोखंडी, हिरव्या रंगाचा, उभ्या खांबावर मोठी गोल तबकडी असलेला. इतरांच्या घरी जिथे टीव्ही असे, तिथे तो उभा होता, आणि टीव्ही बिचारा फ्रिजवर होता. पाहुणा आला की पाण्याच्या आधी काटा. "चढा," एवढंच ते म्हणत. पासष्ट किलोच्या खालचा आपला माणूस समजून त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले जात. देश उदार झाला, बाजार खुला झाला, असं तेव्हाचे पेपर रोज सांगत होते. मला त्यातलं फारसं कळत नसे. काकांनी मात्र महिन्याची रद्दी बांधून काट्यावर ठेवली आणि मागच्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहिली. नव्या जाहिरातींमुळे ती पावणेदोन किलोंनी वाढली होती. "देशानं अंग धरलंय," ते म्हणाले. त्या दिवशी मला उदारीकरण कळलं.

एका बाबतीत मात्र ते थट्टा सहन करत नसत. काट्याशी खोटं बोलायचं नाही. एका चौकीवर कंत्राटदाराने चिखलाने माखलेले बटाटे पाठवले, तेव्हा काकांनी भर थंडीत सगळी पोती ओतून बटाट्यांना आंघोळ घातली होती, वाळवून परत तोलले होते आणि जितका चिखल निघाला तो वेगळा बांधून कंत्राटदाराला पावतीसह परत पाठवला होता. ही गोष्ट ते वर्षातून चारदा सांगत आणि शेवटी प्रत्येक वेळी म्हणत, "माणूस खोटं बोलतो. काट्याला ती सोय नाही."

मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या हातात एक पत्र्याची ट्रंक, खांद्याला पिशवी आणि खिशात आमच्या मुख्याध्यापकांचं पत्र होतं. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझे वडील शाळेत शिपाई होते. त्याच शाळेत मी शिकलो, वडिलांनी दिलेल्या घंटेवर वर्गात गेलो आणि बाहेर आलो, आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. मुख्याध्यापकांचे मेहुणे कधी काळी काकांच्या हाताखाली होते, एवढ्या ओळखीवर मला गच्चीवरची एक खोली मिळणार होती. काकांनी दार उघडलं, पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साडेचव्वेचाळीस," ते म्हणाले. "सामानासकट त्रेपन्न."

"अहो, आधी आत तरी घ्या त्याला," आतून काकू म्हणाल्या.

"आत घेऊन काय वाढणार आहे?" काका म्हणाले, आणि मग पत्र वाचून, "बी. कॉम.? शाबास. ये, ग्रॅज्युएट." तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांचा ग्रॅज्युएट राहिलो. घरी मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. आईला तो शब्द उच्चारता येत नसे. काकांच्या तोंडून तो ऐकला की मला दर वेळी छाती थोडी पुढे काढावीशी वाटे.

दिल्लीला मी एका सरकारी कंपनीच्या परीक्षेसाठी आलो होतो. परीक्षा पास झालो, मुलाखत पास झालो, नेमणुकीचं पत्रही आलं. गावी वडिलांनी शाळेत साखर वाटली. मग वैद्यकीय तपासणी झाली आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: तात्पुरता अपात्र, वजन साडेचव्वेचाळीस, किमान अठ्ठेचाळीस हवं, सहा आठवड्यांनी फेरतपासणी. दुसऱ्यांदा कमी भरलो तर पत्र रद्द. ज्या शाळेत साखर वाटली गेली होती तिथे परत जाऊन काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. चार विषयांत नापास झालो असतो तर सांगता आलं असतं. पोरगा वजनात नापास झाला, हे वडिलांनी मुख्याध्यापकांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

काकांनी तो कागद चढाईचा हुकूम आल्यासारखा उभं राहून वाचला. डॉक्टरांचा आकडा आपल्या आकड्याशी जुळला याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आला आणि त्यांनी तो सभ्यपणे आवरला.

"साडेतीन किलो. सहा आठवडे. म्हणजे आठवड्याला पाचशे ऐंशी ग्रॅम. अंडी खातोस?"

"नाही."

"मटण?"

"नाही. आईला शब्द दिलाय."

"मासे तरी?"

मी मान हलवली. काका व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"मग तुम्ही लोक खाता तरी काय?"

"भाकरी. वरण. कधी दूध."

"अहो, त्याला घाबरवू नका," काकू म्हणाल्या, "अजून पाव किलो उतरेल."

काका थांबले. "दूध," ते म्हणाले. पुढचे सहा आठवडे माझ्या आयुष्यात जे घडलं ते सगळं त्या एका शब्दातून निघालं.

कायम नोकरी लागेपर्यंत मी नोएडातल्या तयार कपड्यांच्या एका कारखान्यात टायपिस्टचं काम धरलं होतं. साडेसातची चार्टर्ड बस चुकली की दिवस चुकला. त्यामुळे काकांनी नाश्त्याला सात मिनिटं मंजूर केली आणि तो खायला चार. पहाटे साडेपाचला ते स्टीलची बरणी घेऊन दुधाच्या बूथवर जात, टोकन टाकून दूध आणत, काकू ते एकदा तापवून ठेवत. सात सोळाला मी दारात. काकांच्या हातात घड्याळ, कमरेला काकूंचा एप्रन, पायात पॉलिश केलेले बूट. पाऊण लिटर दूध मोठ्या आचेवर. ते वर चढून आलं की अर्ध्या लिंबाचा रस पाण्यात मिसळून, पळीने, धार धरून. मग ते आच बारीक करत आणि दुधाला हळू आवाजात म्हणत, "चल, फूट." आणि ते फुटत असे. मी ते सहा आठवडे पाहिलं आणि दर वेळी थक्क झालो. पांढऱ्याशुभ्र दुधात आधी बारीक कणी दिसायची, मग ढग जमायचे आणि खाली फिकट हिरवं पाणी सुटायचं.

थक्क होण्याचं कारण नुसतं कौशल्य नव्हतं. आमच्या घरी दूध नासलं तर आईचा दिवस खराब जायचा. काहीतरी वाईट होणार म्हणून ती देवासमोर हात जोडायची. आणि इथे एक मिशीवाला, सभ्य, पूजा करणारा माणूस रोज सकाळी मुद्दाम, घड्याळ लावून दूध नासवत होता आणि वर समाधानाने हुंकार देत होता. काका ते मच्छरदाणीच्या धुतलेल्या तुकड्यातून गाळत, थंड पाण्याखाली धरून लिंबाचा आंबटपणा घालवत आणि अलगद पिळत. "दाबायचं नाही. दाबलं की वीट होते. वीट पंजाब्यांना लागते, पराठ्यात भरायला. आपल्याला मऊ पाहिजे." खालचं पाणी फुकट जात नसे, काकू त्यात कणीक भिजवत.

त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर लोखंडी तवा तापलेला असे. त्यावर चमचाभर तूप, आणि फळ. एका दिवशी सफरचंदाच्या फोडी, एका दिवशी पिकलेला पेरू, एका दिवशी केळं मधोमध चिरून. वर गुळाचा खडा, सुंठेची चिमूट. फळ तव्यावर टाकायचं असतं हे मला माहीत नव्हतं. ते कडेने लालसर व्हायचं, गूळ विरघळून त्याला चकाकी यायची, आणि घरात असा वास सुटायचा की वरच्या मजल्यावरचे भाटियाजी जिन्यात थबकून विचारायचे, "सुबेदार साब, आज कौन सा हलवा है?"

"हलवा नहीं, राशन है," काका आतून म्हणायचे.

या गरम फळामागेही फौज होती. एका उंच चौकीवर फळं वर पोचेपर्यंत दगड व्हायची. "सफरचंद कुऱ्हाडीनं फोडायचो," काका सांगत. "खाली पडलं तर सफरचंदाला काही होत नसे, बर्फाला खड्डा पडे. मग शेगडीवर ठेवायचं. त्या थंडीत गरम सफरचंद खाल्लं ना, की घर आठवायचं." दिल्लीतल्या डिसेंबरात केळं खाल्लं की कफ होतो, असं काकूंचं ठाम मत होतं, त्यावर काका म्हणत, "गरम केलं की केळ्यातला कफ मरतो." हे शास्त्र कुठलं, ते मी विचारलं नाही. मला ते पटलं होतं. ताटलीत एका बाजूला मऊ छेना, म्हणजे त्या फोडलेल्या दुधाचा गोळा, दुसऱ्या बाजूला तव्यावरचं वाफाळतं फळ, आणि समोर काका घड्याळ धरून. "चावून. पळायला अजून अडीच मिनिटं आहेत."

"माझी वीस मिनिटं यांच्या सात मिनिटांत कुठेच धरलेली नाहीत," काकू मला सांगत. "दूध मी तापवायचं, फळं मी चिरायची, तवा मी घासायचा. आणि मेडल यांना."

दर मंगळवारी वजन. पहिल्या मंगळवारी मी काट्यावर चढलो आणि काटा सव्वाचव्वेचाळीसवर थांबला. पाव किलो कमी. काकांनी तांदळाचं पंचवीस किलोंचं पोतं आणून काट्यावर ठेवलं. ते पंचवीसच भरलं. काकूंना चढवलं; त्या चौसष्टच भरल्या आणि चिडल्या. काट्यात दोष नव्हता. दुसऱ्या मंगळवारी साडेचव्वेचाळीस. जिथून निघालो, तिथेच. काका खुर्चीत बसले. इतका हताश माणूस मी तोपर्यंत फक्त बारावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता.

"ग्रॅज्युएट, रविवारी मी तुला जिन्यात पाहिलं तेव्हा तू पंचेचाळीस होतास. आज साडेचव्वेचाळीस. काल सोमवारी अर्धा किलो गेला कुठे? काल नाश्त्यालाही आला नाहीस. लवकर जायचंय म्हणालास."

मी खाली पाहिलं.

"खरं बोल. काट्यावर उभा आहेस."

"काल उपास होता," मी म्हणालो. "सोळा सोमवार धरलेत. आणि गुरुवारही."

"कशासाठी?"

"वजन वाढावं म्हणून."

मग काकू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या, आणि भांडी वाजण्याच्या आवाजात मधूनमधून त्यांचं हसू ऐकू येत राहिलं. काका मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे असे बघत होते, जसं बहुधा त्या कंत्राटदाराच्या बटाट्यांकडे बघितलं असेल.

"म्हणजे वजन वाढावं म्हणून तू उपाशी राहतोस."

"आईही राहते. तिकडे. तिनंच बोलून ठेवलंय. नोकरी कायम होईपर्यंत सोडता येणार नाही."

मी हे पूर्ण गांभीर्याने सांगत होतो. आमच्या घरात कोणतीही गोष्ट मिळवायची तर आधी काहीतरी सोडायचं असतं, आणि आमच्याकडे सोडण्यासारखं फक्त जेवण होतं. वडिलांना नोकरी लागावी म्हणून आजीने भात सोडला होता. मी पदवीधर व्हावं म्हणून आईने तीन वर्षं गोड खाल्लं नव्हतं. यात काही चूक आहे, असं मला त्या क्षणापर्यंत खरोखर वाटलं नव्हतं.

काका उठले. "उपासाला दूध चालतं?"

"चालतं."

"फळ?"

"चालतं."

"लिंबू? गूळ? तूप?"

"चालतं."

"मग दोन आठवडे मी तुला काय घालतोय, मूर्खा? यात उपासाला न चालणारं काय आहे?"

"दूध नासवलेलं असतं ना," मी म्हणालो. "एरवी ठीक आहे. पण उपासाला आईला विचारायला हवं."

दुसरा कुणी असता तर त्याने मला तिथेच गच्चीवरून सामान आणायला सांगितलं असतं. काका म्हणाले, "चलो. विचारू."

शनिवारी मला सुट्टी होती आणि गावी सकाळची शाळा. मार्केटमधल्या एसटीडी बूथवरून आम्ही शाळेत फोन लावला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, अर्ध्या तासाने करा, आईला बोलावतो. अर्धा तास काका बूथबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची वजनं करत होते. फोन परत लागला तेव्हा त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिलाच नाही.

"ताई, मी सुभेदार बोलतोय दिल्लीहून. तुमचा मुलगा माझ्या ताब्यात आहे."

पलीकडून आईचा घाबरा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला. "काय केलं त्यानं?"

"काही केलं नाही. उपास केला. तेच बोलायचंय." आणि मग काकांनी दूध, फळ, लिंबू हे सगळं तिला एकेक करून विचारलं, आणि ती प्रत्येकाला चालतं म्हणाली. "मग ही सगळी एका ताटलीत आली तर देवाची काही हरकत?"

"दूध नासतं म्हणं त्यात," आई म्हणाली. म्हणजे मी पत्रात लिहिलेलं तिने वाचून घेतलं होतं. "आपल्याकडं नासलं तर सांडून देतात. चांगलं नसतं ते."

"ताई, ते बिघडून नासतं. इथं मी समोर उभा राहून नासवतो. माझ्या हुकमानं."

"रोज?"

"रोज. सात सोळाला."

बूथवाल्याच्या मीटरवर लाल आकडे पळत होते. मग आईने विचारलं, "ऊन ऊन असतं का?"

"तव्यावरचं. वाफ निघते."

"मग चालंल," आई म्हणाली. "पोराच्या पोटासाठी कुणी इतकं करायलंय, तर देव काय म्हणंल."

काकांनी रिसीव्हर खाली ठेवायला हवा होता. पण त्यांनी विचारलं, "आणि तुमचं, ताई? तुमचं वजन किती?"

"माझं?" आई हसली. "कुणी केलंच न्हाई कधी."

काका रिसीव्हर धरून नुसते उभे राहिले. अठ्ठावीस वर्षं जग तोललेल्या त्या माणसाला, एखादं माणूस कधीच तोललं गेलेलं नाही, हे ऐकून काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही. "तुम्हीही सोमवारी हेच खायचं," ते शेवटी म्हणाले. "ऑर्डर आहे." पुढच्या पत्रात वडिलांच्या अक्षरात एक ओळ होती: तुझी आई आजकाल मुद्दाम दूध नासवते, गल्ली हसते.

त्या दिवशी घरी आल्यावर काका बराच वेळ काट्यापाशी वाकून होते. तेल देतो आहे, म्हणाले.

आता सोमवार-गुरुवारही नाश्ता सुरू झाला. तरी पुढच्या मंगळवारी काटा साडेचव्वेचाळीसवरच. मला रडू येत होतं. काका म्हणाले, "मोठी गाडी हलायला वेळ लागतो. खा." वजनाकडे डोळा लावून बसलेला मी एकटाच दुःखी होतो, कारण त्याच मंगळवारी काकूंचं वजन एक किलोने उतरल्याचं निघालं, आणि त्यांनी त्या आनंदात भाटियांकडे रव्याचे लाडू पाठवले. मग मात्र माझा काटा हलू लागला. साडेपंचेचाळीस. साडेसेहेचाळीस. काकांनी दुधाचं माप एक लिटरवर नेलं. एका पेरूचे दोन पेरू झाले. रात्रीचं जेवणही त्यांच्याकडेच, नकार ऐकला जात नसे. एक गोष्ट मला खटकत होती: ते आता माझ्याकडे पाहून माझं वजन सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "काट्याला विचार. मी म्हातारा झालो."

फेरतपासणीच्या सकाळी मी काट्यावर चढलो. साडेसत्तेचाळीस. अर्धा किलो कमी.

मग काकू म्हणाल्या, "अहो, तुमची ती पितळी वजनं आहेत ना पाव-पाव किलोची. दोन त्याच्या खिशात टाका. कोण बघतंय?"

काकांची मान ताठ झाली. "अठ्ठावीस वर्षं मी काट्याशी खोटं बोललो नाही. आज बोलू?" आणि ते एप्रन बांधून शेगडीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी दीड लिटर दूध फोडलं. मी रडत रडत खाल्लं. गरम सफरचंदात मिठाची चव लागत होती. मग स्कूटरवर मागे बसवून ते मला कंपनीत घेऊन गेले आणि फाटकाबाहेर झाडाखाली उभे राहिले.

डॉक्टरांनी मला त्यांच्या पांढऱ्या काट्यावर उभं केलं, चष्मा सारखा केला आणि लिहिलं: साडेअठ्ठेचाळीस. फिट.

मी धावत बाहेर आलो. "काका, झालं. पण तिथला काटा जास्त दाखवतो. चांगला एक किलोनं."

"डॉक्टरचा काटा आहे," काका म्हणाले. "बरोबरच असणार." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, किती तरी दिवसांनी, आणि जप केल्यासारखं पुटपुटले, "साडेअठ्ठेचाळीस." मग स्कूटरला किक मारली.

आईने श्रेय सोमवारांना दिलं. मीही थोडं दिलं. नोकरी लागली, कायम झाली, पुढे कंपनीच्या फरीदाबादच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. माझ्या लग्नाला काका फेटा बांधून आले, आम्हा दोघांना बघून म्हणाले, "एकशे दोन. थोडं कमी आहे, पण होईल." माझी आई पहिल्यांदा दिल्लीला आली, तेव्हा काकांनी तिला पाण्याच्या आधी काट्यावर चढवलं नाही. आधी पाणी दिलं, मग गरम केळं आणि छेना दिला, आणि जाताना विचारलं, "ताई, बघायचं का?" आई चप्पल काढून, पदर सावरून, देवळात चढावं तशी चढली. त्रेचाळीस भरली. काकांनी ते वहीत लिहून ठेवलं.

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. काकू मुलाकडे पुण्याला निघाल्या तेव्हा सामान आवरायला मी गेलो होतो. "हा काटा तू ने," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेव, तो एक किलो कमी दाखवतो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काकांचा काटा?"

"तुझ्यामुळेच. त्या फोनच्या दिवशी त्यांनी मागची चकती फिरवली. मी दोन महिने खुशीत होते, एक किलो उतरले म्हणून. लाडू वाटले मी. मग विचारलं तेव्हा म्हणाले, पोरगा उपकार मोजणारा आहे गं. अठ्ठेचाळीस दिसले की दुसऱ्या दिवशीपासून नाश्त्याला यायचा बंद होईल. दुसऱ्याच्या घरचं जास्त खाणार नाही तो."

"मग नंतर परत नीट का नाही केला?"

"म्हणाले, एकदा खोटं बोललोय, आता परत त्याच्याशी खरं बोलायला लाज वाटते." काकू हसल्या आणि पदराने तबकडी पुसू लागल्या. "तुझ्या आईचंही त्रेचाळीस लिहिलं होतं ना. ती चव्वेचाळीस होती. त्यांनी रात्री वहीत एक मिळवला. वही दाखवू?"

काटा आता माझ्या हॉलमध्ये आहे, टीव्हीशेजारी. माझी मुलगी दिल्लीत वाढलेली. जिमला जाते, प्रोटीनचा हिशोब मोबाइलवर ठेवते. सकाळी ऑफिसच्या गाडीआधी मी तिला छेना आणि गरम पेरू करून देतो. मला सात मिनिटांत जमत नाही, अकरा लागतात. "बाबा, यार, आज पुन्हा?" म्हणते आणि ताटली पुसून खाते. मग काट्यावर चढते, आकडा बघते आणि खूश होऊन निघून जाते.

मी तिला अजून सांगितलेलं नाही. मागची चकती कुठे आहे ते मला माहीत आहे. मी त्या चकतीला हात लावत नाही.